नव्या पाहुण्याचं पान

आमच्या जिल्ह्यातल्या कॉलेजांच्या वादविवाद स्पर्धेत एक विचित्र नियम होता. एका कॉलेजातून दोघांची जोडी जायची आणि त्या दोघांनी एकमेकांविरुद्ध बोलायचं. एकाने विषयाच्या बाजूने, दुसऱ्याने उलट. दोघांचे गुण एकत्र करून फिरती ढाल द्यायचे. म्हणजे एकाच एस.टी.त एका सीटवर बसून, एकाच डब्यातली पोळी खात जायचं, व्यासपीठावर चढलं की एकमेकांचे वाभाडे काढायचे, आणि उतरलं की परत त्याच सीटवर. मला त्यात कधी काही वावगं वाटलं नाही. उलट वाटायचं, राजकारणातली माणसंही असंच करत असतील, त्यात काय एवढं! तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो आणि स्वतःला फार शहाणा समजत होतो.

माझा जोडीदार पुसदकडच्या एका बंजारा तांड्यावरचा. यवतमाळला वसतिगृहात राहून माझ्याबरोबर एम.ए. करायचा. अंगाने किडकिडीत, पण माइकशिवाय बोलला तरी शेवटच्या रांगेला ऐकू जायचं. कागद म्हणून हातात घ्यायचा नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाला, "आमच्या तांड्यात नायकापुढं भांडन गेलं, त लिहून कोन बोलते? लिहून आनलं त लोक म्हनतीन, हा खोटं बोलून राह्यला."

आमच्या घरी नेमकं उलटं. माझे आजोबा सरकारी नोकरीत होते, वडील जिल्ह्याच्या एका कार्यालयात हेडक्लार्क. बोललेलं वाऱ्यावर, लिहिलेलं फायलीवर, हा बाबांचा वेद. कुठलाही कागद ते कार्बन लावून तीन प्रतींत लिहायचे. वाण्याकडची यादीसुद्धा. एक प्रत ज्याला द्यायची त्याला, एक स्वतःजवळ, आणि एक फायलीला. मी आठवीत असताना गॅदरिंगच्या भाषणाच्या पहिल्यांदा तीन प्रती काढल्या, त्या दिवशी त्यांनी मला स्वतःचं पेन दिलं. माझ्या नावाची एक फाइल त्यांच्या लाकडी कपाटात होती. माझं प्रत्येक भाषण तिथे टॅग लावून बसलेलं असायचं. मला त्याचा अभिमान होता, हे कबूल करतो.

ते कापसाचे वाईट दिवस होते. सरकार स्वतः कापूस घ्यायचं आणि घेऊन हात पोळून घ्यायचं. भाव पडले होते, खरेदी केंद्रांवर गाड्यांच्या रांगा लागत होत्या, आणि वर्तमानपत्रात रोज राज्याच्या रिकाम्या तिजोरीची बातमी. त्यामुळे त्या वर्षी जिल्हाभर स्पर्धांना फिरून फिरून एकच विषय होता: राज्याने नव्या नोकऱ्या द्याव्यात, की आधी डोक्यावरचं कर्ज उतरवावं?

बाजू ठरवताना आमचं भांडण झालं नाही. तोच म्हणाला, "कर्जाची बाजू तू घे गड्या. तुह्या घरी दर महिन्याले पगार येते. मी बोलाले लागलो त मले हासू येईन."

मी बाबांच्या टेबलावर बसून भाषण लिहिलं. आकडे फारसे कळत नव्हते, म्हणून घरगुती उदाहरण शोधत होतो. अवचित कोणी येणार असं कळलं की आमची आई स्वयंपाकघरात दबक्या आवाजात एक वाक्य बोलायची. मी त्यालाच इस्त्री केली: "घरातल्यांची ताटं आधी भरली पाहिजेत. ती भरून उरलं, तरच नव्या पाहुण्यासाठी पान मांडावं." घरातले म्हणजे आहेत ते नोकर, आहेत ती देणी. नवा पाहुणा म्हणजे नोकरी मागणारा. मी तीन प्रती काढल्या. बाबांनी चष्मा लावून वाचलं आणि त्या वाक्यापाशी त्यांचं बोट थांबलं. "हे चांगलं लिहिलंस," ते म्हणाले. माझ्या लिखाणाला त्यांनी चांगलं म्हटल्याची ती पहिली वेळ. मी दिवसभर तरंगत होतो.

गंमत अशी की त्याच्या आठवडाभर आधीच मी माझ्या जोडीदाराच्या तांड्यावर जेवून आलो होतो. न कळवता गेलो होतो. त्याची आई, तो तिला याडी म्हणायचा, चुलीपुढून उठली, माझ्या हातावर पाणी घातलं आणि पहिली भाकरी माझ्या ताटात टाकली. त्यांच्याकडे भाकरीला बाटी म्हणतात. तिची स्वतःची दोन लहान पोरं दारात बसून मी जेवायची वाट पाहत होती. तिसरी भाकरी मी नको म्हणालो तर ती रागावली. असं जेवून घरी येऊन मी ते वाक्य लिहिलं. मला त्यात विसंगती दिसली नाही. स्पर्धेच्या भाषणाला खरं आयुष्य लावून पाहायची आम्हाला सवयच नव्हती.

त्याला मात्र दिसली. पहिल्याच स्पर्धेत मी माझं ताटांचं वाक्य टाकून टाळ्या घेतल्या. तो उठला, माइक बाजूला सारला आणि म्हणाला, "माझ्या मित्राच्या घरी ताटं मोजत असतील. आमच्या घरी पाहुणा आला की ताटं मोजत नाहीत. पाहुणा जेवतो, मग उद्या तोच आमच्या वावरात चार हात जास्तीचे घालतो. अध्यक्ष महाराज, नोकरी मागणारा फक्त खायला येत नाही!" सभागृह डोक्यावर घेतलं पोरांनी. ढाल आम्हालाच मिळाली. परतीच्या एस.टी.त ती आमच्या दोघांच्या मांडीवर आडवी ठेवली होती आणि आम्ही वर चिवडा पसरून खाल्ला. त्यानंतर प्रत्येक ठिकाणी आम्ही तेच केलं. माझं वाक्य आणि त्याचं उत्तर. खो-खोतल्या गड्यांसारखं ते जमून गेलं होतं.

त्याच सुमाराला जिल्ह्यात लिपिकांच्या जागांची परीक्षा झाली. आम्ही दोघंही बसलो. निवड यादी लागली, त्यात त्याचं नाव वरून चौथं होतं आणि माझं नव्हतंच. त्याला इतके गुण होते की कुठल्याही सवलतीशिवाय तो यादीत आला असता. तरी आमच्या घरात त्या दिवशी, "त्यांना काय, त्यांच्या जागा असतात," असं बोललं गेलंच. बोलणारे बाबा होते. मी ऐकून घेतलं. त्याची आता मला लाज वाटते.

तांड्यावर मात्र गूळ वाटला. त्या तांड्यातून सरकारी खुर्चीवर बसणारा तो पहिला ठरणार होता. राहिली होती फक्त नेमणुकीची ऑर्डर. ती आज येईल, उद्या येईल असं चाललं असतानाच निवडणूक लागली, आणि जो तो सांगू लागला की आचारसंहिता आहे, म्हणून ऑर्डरी थांबल्यात, मतदान झालं की निघतील. त्या बाबांच्याच कार्यालयातून निघायच्या, म्हणून मी त्यांना विचारलं. ते शर्टाची गुंडी लावत म्हणाले, "आचारसंहितेत काही निघत नाही." वाक्य खरं होतं. त्यात एकही शब्द खोटा नव्हता.

आमचं नाव ऐकून एका उमेदवाराचा माणूस कॉलेजात आला. उमेदवाराला सगळे भाऊसाहेब म्हणायचे. त्यांच्या सभांना गर्दी जमत नव्हती. तेव्हा त्या माणसाने डोकं चालवलं: भाषणाच्या आधी या दोन पोरांचा वादविवाद ठेवायचा. विषय आमचाच. शेवटी लोकांनी हात वर करून कौल द्यायचा, आणि मग भाऊसाहेबांनी उठून रोजगाराच्या बाजूने हात वर करायचा. आम्हाला जाण्यायेण्याला जीप आणि जेवण. आम्ही हरखलो. सरकारी नोकराने प्रचारात असू नये, म्हणून बाबांनी, "मला यातलं काही सांगू नकोस," एवढंच म्हटलं. मला वाटलं, ते नियम पाळताहेत.

पहिली सभा नेरला, कापूस बाजाराच्या आवारात. जागा त्या माणसाने मुद्दाम निवडली होती, कारण मापासाठी रांगेत लागलेल्या गाड्या सोडून लोक जाणार कुठे? कापसाच्या ढिगांवर बसून, बैलांना कडबा टाकत लोक आम्हाला ऐकत होते. मी कर्जाबद्दल बोलायला लागलो, तशी कुजबुज झाली. "घरातल्यांची ताटं आधी," म्हणालो, तेव्हा एका म्हाताऱ्याने उभं राहून विचारलं, "आमी घरातले का पाव्हने, ते सांग ना बाप्पा! आमचे चुकारे कवा देता?" चुकारे म्हणजे घातलेल्या कापसाचे पैसे. मागून कोणी मूठभर सरकी भिरकावली, ती माझ्या तोंडावर आली. लोक हसले. मी पुसलं तोंड आणि भाषण पूर्ण केलं, कारण तीच माझी बाजू होती. एकही मुद्दा मी सोडला नाही. आजही त्या गोष्टीचं मला हसू येत नाही.

मग तो उठला. पाचव्या मिनिटाला ते आवार त्याच्या हातात होतं. हातांचा कौल झाला, सगळे हात त्याच्याकडे. भाऊसाहेब उठले, आपला हात सगळ्यांत उंच केला, आणि त्याच्या खांद्यावर दुसरा हात टाकून म्हणाले, "हा पोट्टा परीक्षा पास झाला. याची ऑर्डर अडून हाय. मी आज नेरच्या लोकाईसमोर शब्द देतो. निवडून आल्यावर याची ऑर्डर मी सोता याच्या तांड्यावर घेऊन जाईन, अन् याच्या मायच्या हातची भाकर खाईन!"

टाळ्यांनी बैल बुजले. मीही टाळ्या वाजवल्या. यवतमाळला जीपमधून उतरताना माझा मित्र म्हणाला, "आज तुले सरकी लागली. माही ऑर्डर आली की पहिल्या पगाराचा शर्ट तुले."

आजूबाजूच्या बाजारगावी अशा आणखी चार सभा झाल्या. चारही ठिकाणी मी शिव्या खाल्ल्या आणि चारही ठिकाणी भाऊसाहेबांनी तोच शब्द दिला. याडीने पुसदच्या बाजारातून स्टीलचं एक नवं मोठं ताट आणलं. साहेब जेवायला येणार, तर त्यांना घरातल्या चेपलेल्या ताटात कसं वाढायचं? ते तिने दुकानाच्या कागदासकट फडताळात ठेवून दिलं.

घरी मी हे सगळं बाबांना सांगितलं होतं. त्यांनी सांगू नको म्हटलं होतं तरी. सरकीचं सांगितलं, शब्दाचं सांगितलं, ताटाचंसुद्धा. बाबा वरणभात कालवत होते. "लेखी दिलं का त्यांनी?" एवढंच विचारलं. मी म्हणालो, "बाबा, इतक्या लोकांसमोर बोलले ते." त्यांनी मान हलवली आणि आईकडे ताक मागितलं.

भाऊसाहेब निवडून आले. संक्रांतीनंतर आम्ही दोघं तिळगूळ घेऊन त्यांच्या बंगल्यावर गेलो. दोन तास ओसरीवर बसलो तेव्हा बाहेर आले. ओळखलं, पाठीवर थाप मारली. मग म्हणाले, "बंदी वरून आली ना बाप्पा. नवीन भरती बंद. खजिन्यात हायच काय? मी त रोजगाराच्याच बाजूनं हात वर केलता, तुमी सोता पाह्यलं. अजूनही माहा हात वरच हाय." आणि हसले. त्यांची माणसंही हसली. बोलाचीच कढी अन् बोलाचाच भात असतो हे मला शाळेपासून माहीत होतं, पण ती कढी मी पाच गावांत स्वतःच्या हाताने वाढली होती. बाहेर पडल्यावर मी त्यांना मनसोक्त शिव्या दिल्या. मित्र मला म्हणाला, "कायले तोंड खराब करतं? यादी त हाय ना. यादी कागदावर हाय. तुहे बाबूजीच म्हनते ना, लिहिलेलं राह्यते म्हनून." त्याला कागदावर भरवसा ठेवायला मीच शिकवलं होतं.

फेब्रुवारीत एका दुपारी तो आमच्या घरी आला. मी एकटाच होतो. त्याने खिशातून चौघडी घातलेलं पत्र काढलं आणि मला वाचू न देता स्वतःच वाचून दाखवलं. शासनाच्या आर्थिक स्थितीचा विचार करता नवीन भरती स्थगित करण्यात आली आहे, सदर पदे रद्द झाल्याने निवड यादी व्यपगत झाली आहे, वगैरे. व्यपगत म्हणजे संपुष्टात आलेली; त्या शब्दापाशी तो थांबला नाही. तो पुढच्या ओळीला थांबला. मग त्याच्या त्या शेवटच्या रांगेला ऐकू जाणाऱ्या आवाजात वाचली: "घरातल्यांची ताटे भरून उरल्यावरच नव्या पाहुण्यासाठी पान मांडता येते, ही बाब आपण समजून घ्याल अशी अपेक्षा आहे."

मी कागदासाठी हात पुढे केला.

"हे तुहं वाक्य हाय," तो म्हणाला. रागावून नाही. एखाद्याची हरवलेली छत्री परत द्यावी तसं म्हणाला आणि कागद माझ्यापुढे धरला. "कुठून गेलं हे तिकडं?"

मला त्याच क्षणी कळलं होतं. पत्राखाली सही बाबांच्या साहेबांची होती, पण कागदाच्या डाव्या कोपऱ्यात जी बारीक आद्याक्षरं असतात, मसुदा कोणी केला त्याची, ती मी जन्मापासून पाहत आलो होतो. माझ्या भाषणांच्या प्रतींवर होती, वाण्याच्या यादीवर होती. ती बाबांची, हे मी त्याला सांगितलं. खोटं बोलता आलं असतं, पण आद्याक्षरं त्यानेही पाहिली होती.

"काकाले कवापासून माहीत होतं?"

"मी विचारतो."

"नको. तू आता सांग. आपन नेरले बोलून राह्यलो होतो, तुह्या तोंडावर सरकी पडली, तवा माहीत होतं?"

शर्टाची गुंडी लावणारे बाबा आठवले आणि मी, "असेल," म्हणालो. त्याने पत्राची पुन्हा चौघडी घातली. जाताना उंबऱ्यावर चपला घालत म्हणाला, "याडीनं आनलेलं ताट अजून कागदातच हाय. आता दुकानदार वापस घेते का, पाहतो."

संध्याकाळी बाबा आले, पाय धुतले, खुर्चीत बसले. मी सरळ विचारलं. त्यांनी काही लपवलं नाही. लपवण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटतच नव्हतं. बंदीचा कागद निवडणुकीच्या आधीच आला होता. कुठली रिकामी पदं रद्द करायची त्याचा तक्ता बाबांनीच केला होता. "कार्यालयातली गोष्ट घरात बोलायची नसते. तुझ्या आजोबांनीही कधी बोलली नाही," ते म्हणाले.

"मी जीपमध्ये बसून गावोगाव त्याला ऑर्डर मिळणार म्हणून टाळ्या वाजवत होतो, बाबा. तुम्ही समोर बसून ऐकत होतात. ताटाचं ऐकलंत तुम्ही."

"म्हणून तर विचारलं ना, लेखी दिलं का."

मी ओरडलो. त्यांच्यावर ओरडायची माझी पहिली वेळ. आई आतून बाहेर आली आणि परत आत गेली. मी विचारलं की माझं वाक्य का घातलंत, कोणाला विचारून घातलंत.

त्यावर बाबांचा चेहरा उजळला. हे मला अजूनही सहन होत नाही. ते म्हणाले, "निवड झालेली पोरं ऑफिसात येऊन गोंधळ घालत होती. साहेब म्हणाले, नुसतं कोरडं पत्र नको, जरा समजावणीची भाषा घाला. मला तुझी फाइल आठवली. साहेबांनी त्यातलं एक अक्षर बदललं नाही. म्हणाले, कोणी लिहिलं हो हे? मी सांगितलं, मुलाने." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुला सांगतो, तो तक्ता करताना माझा हात चालत नव्हता. यादीतली नावं दिसत होती मला. मग तुझं भाषण काढून वाचलं. पटलं. आहेत त्यांची ताटं राखायची तर नवी पानं मांडता येत नाहीत. तू लिहिलंस म्हणून मला धीर आला."

"ती माझी बाजू होती, बाबा. माझं मत नव्हतं ते!"

ते माझ्याकडे बघत राहिले. खरोखर न समजून. "मग लिहिलंस कशाला?" त्यांनी विचारलं.

भाऊसाहेबांनी फसवलं त्याचा संताप आला होता, पण पुढाऱ्याने फसवणं म्हणजे उन्हाने तापवण्यासारखं, त्याची माणूस सवय करून घेतो. बाबांचं तसं नव्हतं. त्यांनी मला प्रेमाने फसवलं होतं, माझ्याच कौतुकाने. शिवाय त्यांनी माझ्या फायलीतून अर्धाच वाद उचलला होता. माझ्या वाक्याला पाच-दहा सभागृहांनी टाळ्या वाजवून मान्य केलेलं उत्तर होतं. पण ते उत्तर देणाऱ्याने कधी कागदावर उतरवलं नाही, त्याची प्रत कुठल्या कपाटात नव्हती. त्यामुळे सरकारदरबारी माझाच विजय झाला. मी त्या रागात कपाट उघडून फाइल बाहेर काढली, पण फाडली नाही. आमच्या घरात कागद फाडत नाहीत.

माझा मित्र पुढे पोटापाण्याला लागला. पुसदला स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांचं दुकान टाकलं, ते बरं चालतं. लग्नकार्यात आम्ही भेटतो, बोलतो, एकमेकांच्या पोरांची चौकशी करतो. पण त्या वर्षी आमची एक स्पर्धा अजून बाकी होती, आणि तिच्याबद्दल आम्ही आजवर बोललेलो नाही.

ती उमरखेडला होती, मोसमातली शेवटची. नाव आधीच गेलेलं, कॉलेजने भाडं दिलेलं. मला वाटलं तो येणार नाही. पण सकाळी स्टँडवर तो माझ्या आधी हजर होता. पूर्ण प्रवासात खिडकीबाहेर बघत राहिला. माझ्या आईने दिलेला डबा त्याने उघडला नाही. उमरखेडच्या हॉलमध्ये नावं लिहून घेणाऱ्या प्राध्यापकांपुढे उभं राहिलो तेव्हा तो मला म्हणाला, "आज बाजू बदलू. कर्जाची माही."

मी नाही म्हणू शकलो नाही.

आधी तो बोलला. हातात कागद नव्हता. माझं भाषण, माझं पूर्ण भाषण, पहिल्या "सन्माननीय अध्यक्ष महोदय"पासून, त्याने जसंच्या तसं म्हटलं. इतक्या स्पर्धांत समोर बसून ऐकून त्याला ते पाठ झालं होतं. माझे थांबे, माझ्या हाताच्या हालचाली, माझी पुस्तकी भाषा. नावालाही एक वऱ्हाडी शब्द नाही. "घरातल्यांची ताटं आधी भरली पाहिजेत," तो म्हणाला आणि माझ्याकडे पाहिलं. परीक्षकांतल्या एकाने मान डोलावून काहीतरी टिपून घेतलं. त्याला त्या दिवशी उत्कृष्ट वक्त्याचं बक्षीस मिळालं.

मग माझं नाव पुकारलं. मी माइकपाशी गेलो. मला घाबरायचं काही कारण नव्हतं. त्याचं उत्तरही मला तितकंच पाठ होतं. कुठे श्वास घ्यायचा, कुठे आवाज चढवायचा, टाळ्या कुठे येतात, सगळं. समोर पहिल्या रांगेत तो बसला होता, दोन्ही हात मांडीवर ठेवून, वाट बघत. त्याचा चेहरा पाहून मला समजलं की हा मला हरवायला आलेला नाही. एवढं एकच वाक्य त्याला माझ्या तोंडून ऐकायचं होतं.

"आमच्या घरी..." मी सुरुवात केली.

पुढचं येईना. आमच्या घरी पाहुणा आला की ताटं मोजत नाहीत, इतकंच तर म्हणायचं होतं. पण आमच्या घरी मोजली होती. तीन प्रतींत मोजली होती, खाली आद्याक्षरं घालून. मी पुन्हा म्हणालो, "आमच्या घरी," आणि पुन्हा थांबलो. मागची पोरं हसायला लागली. पहिली घंटा झाली, दुसरी झाली. तो मात्र हसत नव्हता. मी खाली उतरून येईपर्यंत तो तसाच, माझ्याकडे बघत बसून होता.